बोटीवर गेलेले पणजोबा

मंडळी, नांदेडला बसून समुद्राच्या गोष्टी सांगायच्या म्हणजे जरा धाडसच. आपल्याला पाणी म्हणजे गोदावरी. लातूरकरांना तर २०१६ साली पिण्याचं पाणीसुद्धा मिरजेहून रेल्वेने आणावं लागलं. तरी आजचा विषय लातूरच्याच एका गृहस्थांनी आमच्यापुढे ठेवला. घराणं मूळचं दापोलीकडचं, आजोबा नोकरीसाठी निजामाच्या मुलखात आले. पणजोबा खलाशी. पहिल्या महायुद्धाच्या थोडं आधी मुंबईच्या गोदीतून बोटीवर चढले, ते न्यूयॉर्कला उतरून तिथेच राहिले, अशी घरातली समजूत.

पणजीने शेवटपर्यंत कुंकू लावलं. बारा वर्षं झाल्यावर भाऊबंद म्हणाले, पालाशविधी करू. म्हणजे पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचं दहन. ती म्हणाली, जित्या माणसाला जाळता होय? आता पणतू विचारतो, सर, श्राद्ध घालायचं की नाही?

आम्ही तत्त्वज्ञानाचे. श्राद्धाचं उत्तर आमच्याकडे नाही. पण हा माणूस कुठल्या कागदात असू शकेल, याचा विचार करता येतो.

इंग्रजी बोटींवर हिंदी खलाशांना लॅस्कर म्हणत. डेकवर कोकणातले, गुजरातेतले. वाढपी नि भटारी गोव्याचे. पगार गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या-पाचव्या हिश्श्याचा, करार वेगळा, आणि प्रवास संपला की त्यांना परत हिंदुस्थानातच आणून सोडायचं ही अट. म्हणजे परक्या बंदरात उतरून राहिला तो कागदोपत्री 'पळाला'. आपण ज्याला स्थलांतर म्हणतो, ती कप्तानाच्या दृष्टीने फरारी!

या करारांचं पुढे काय झालं, ते ऐकण्यासारखं आहे. १८६३ ते १९३८ या काळातल्या ब्रिटिश बोटींच्या कर्मचारी-याद्यांपैकी सुमारे ७० टक्के आज कॅनडातल्या न्यूफाउंडलंडला, सेंट जॉन्सच्या विद्यापीठात आहेत. इंग्लंडला जागा पुरेना, म्हणून ते कागद तिकडे गेले. खलाशी अटलांटिक ओलांडून गेला, मागोमाग त्याची यादीही गेली. १९१५ सालच्या याद्या मात्र ब्रिटनमध्ये आहेत आणि इंटरनेटवर नावानिशी शोधता येतात.

आमच्या गृहस्थांनी शोधलं, सापडलं नाही. झालं, ते म्हणाले, गोष्टच खोटी. इथे आम्ही त्यांना थांबवलं. भाट्ट मीमांसक अनुपलब्धीला प्रमाण मानतात, पण ती योग्य अनुपलब्धी हवी. घट असता तर दिसलाच असता, अशी जागा पाहिजे, उजेड पाहिजे. लॅस्करांची यादी पुष्कळदा वेगळी असे, ती मुख्य यादीबरोबर टिकलीच असं नाही. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, म्हणून घट नाही असं म्हणता येत नाही. शिवाय इंग्रज कारकुनाने 'धोंडू'चं काय केलं असेल, सांगा बरं. आडनाव तर बहुधा नसायचंच.

मग अमेरिकेच्या बाजूने गेलो. १९१७च्या कायद्याने हिंदी माणसाला तिथे येण्याची बंदी झाली. पळालेला खलाशी सरकारपासून लपणारच. पण १२ सप्टेंबर १९१८ रोजी, युद्धासाठी, १८ ते ४५ वयाच्या ज्या पुरुषांची आधी नोंद झाली नव्हती, त्या सगळ्यांना नाव नोंदवावं लागलं, परदेशी असला तरी. त्या कार्डावर वय, धंदा, पत्ता, जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि सही असते. निरक्षर असला तर खूण.

असं एक कार्ड आमच्या हाती लागलं. नाव ओढूनताणून जुळतं, वय जुळतं, धंदा खलाशाचा. नातेवाइकाच्या रकान्यात एका बाईचं नाव आहे, आणि ती पणजी नाही.

कार्डाची प्रत आम्ही गृहस्थांना दिली. त्यांनी ती घडी करून खिशात ठेवली. घरी अजून दाखवलेली नाही म्हणतात. आई ८८ वर्षांची आहे, आणि सासरच्या म्हाताऱ्यांत तिने एकट्या त्या कुंकवालाच पाहिलेलं आहे.