साधा कॅमेरा आणि मैदानी खेळ : क्रिकेटच्या जुन्या छायाचित्रांची साक्ष

खेळांच्या इतिहासाची साधने म्हणून आजवर धावफलक, वृत्तपत्रांतील वर्णने आणि खेळाडूंची आत्मवृत्ते यांचा विचार पुष्कळ झाला आहे. छायाचित्रांचा उपयोग मात्र बहुधा सजावटीपुरता होतो. ग्रंथाच्या मध्यभागी गुळगुळीत कागदावर आठ-दहा चित्रे छापावयाची आणि मजकुराशी त्यांचा संबंध वाचकाने आपल्या मनाने जोडावयाचा, अशीच रूढी दिसते. प्रस्तुत लेखात या चित्रांकडे पुरावा म्हणून पाहण्याचा प्रयत्न आहे. कोणत्याही साक्षीदाराची साक्ष घेताना तो कोठे उभा होता आणि त्याला किती दिसत होते, हे आपण प्रथम विचारतो. कॅमेऱ्यालाही तोच प्रश्न विचारला पाहिजे. उदाहरणासाठी क्रिकेट घेतले आहे. कारण या खेळाची चित्रे विपुल आहेत आणि त्यांचा काळ बऱ्याच अंशी निश्चित आहे.

आरंभी शब्दांचा थोडा विचार करणे अप्रस्तुत होणार नाही. इंग्रजीत ‘फील्ड स्पोर्ट्स’ या संज्ञेचा रूढ अर्थ शिकार व मासेमारी असा आहे. आपल्या ‘मैदानी खेळ’ या शब्दाला शिकारीचा वासही नाही. ‘स्नॅपशॉट’ हा शब्दही मूळचा शिकाऱ्यांचाच. नेम न धरता, सावज दिसताक्षणी झाडलेली गोळी म्हणजे स्नॅपशॉट. सर जॉन हर्शेल यांनी १८६० मध्ये तो छायाचित्रणाला लावला, तेव्हा तसे चित्र घेणे ही बव्हंशी कल्पनेतील गोष्ट होती. मराठीत आपण चित्रही ‘काढतो’ आणि फोटोही ‘काढतो’. हातातील कुंचल्याने जे घडते आणि यंत्राच्या कळीने जे घडते, त्या दोहोंना आपल्या भाषेने एकच क्रियापद दिले आहे. यात भाषेचा ढिलेपणा नाही. छायाचित्रही कोणीतरी, कोठून तरी, काही हेतूने काढलेले असते, एवढे भान त्या क्रियापदात आपोआप राहते. आणि संशोधकाला तेच हवे आहे.

आता इतिहासाकडे वळू. रॉजर फेंटन याने १८५७ मध्ये इंग्लंडमधील हंसडनबरी येथे एका क्रिकेट सामन्याचे चित्र घेतले. क्रिकेटच्या अगदी आरंभीच्या चित्रांत त्याची गणना होते. फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेली ओल्या कलोडियनची पद्धत त्या काळी रूढ होती. काच ओली असतानाच तिच्यावर प्रकाश पाडावयाचा, आणि उघड्यावरील दृश्यासही बहुधा काही सेकंद द्यावयाचे, अशी ती रीत. अशा चित्रात माणसे असतात, मैदान असते, झाडे असतात. परंतु चेंडूची गती असणे शक्य नव्हते. रिचर्ड मॅडॉक्स याने १८७१ मध्ये जिलेटिनची कोरडी काच सुचविली आणि पुढील दशकात तिची संवेदनशीलता पुष्कळच वाढली. एडवर्ड मायब्रिज याने १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात पालो आल्टो येथे बारा कॅमेरे ओळीने मांडून धावत्या घोडीची चित्रे घेतली. १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ७८१ चित्रफलकांच्या संग्रहात बॅटीने चेंडू टोलविणारा मनुष्यही आहे. ओटोमार आन्शुट्झ याने १८८८ च्या सुमारास पडदा-शटर सिद्ध केले आणि सेकंदाचा हजारावा भाग एकट्या कॅमेऱ्याच्या आवाक्यात आला.

यंत्र सिद्ध झाले म्हणजे ते लगेच सर्वांच्या हाती येते, असे मात्र नव्हे. १९०० साली ईस्टमन कोडॅक कंपनीने एका डॉलरला विकावयास काढलेला ‘ब्राउनी’ कॅमेरा ही पुठ्ठ्याची पेटी होती; तिला एक साधे भिंग आणि सुमारे १/५० सेकंदाचे एकच शटर होते. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ जगभरच्या हौशी माणसाच्या हातात याच जातीचा पेटी-कॅमेरा होता. मैदानावर त्याची शक्ती किती होती, हे थोड्या गणिताने पाहता येते.

भिंगाचे नाभीय अंतर १०० मिलिमीटर धरू. पावणेदोन मीटर उंचीचा खेळाडू २० मीटर अंतरावर असेल, तर फिल्मवर त्याची प्रतिमा पावणेनऊ मिलिमीटर उंच पडते. तोच खेळाडू ६५ मीटरांवर, म्हणजे सीमारेषेपासून खेळपट्टीच्या अंतरावर असेल, तर प्रतिमा केवळ २.७ मिलिमीटर उरते. तिच्यात चेहरा शोधणे व्यर्थ होय. आता गती पाहा. ताशी १०८ किलोमीटर वेगाचा चेंडू १/५० सेकंदात ६० सेंटिमीटर पुढे जातो; चेंडूचा स्वतःचा व्यास सुमारे ७ सेंटिमीटर. म्हणजे चेंडू दिसणारच नाही. हजाराव्या भागातही तो ३ सेंटिमीटर सरकतो. सेकंदाला ८ मीटर धावणारा फलंदाज कॅमेऱ्यासमोरून आडवा गेला, तर १/५० सेकंदात तो १६ सेंटिमीटर सरकतो, आणि २० मीटरांवरून घेतलेल्या चित्रात त्याची प्रतिमा ०.८ मिलिमीटर पसरते. ही पसरण त्याच्या प्रतिमेच्या उंचीच्या जवळजवळ एकदशांश आहे. परंतु तोच मनुष्य सरळ कॅमेऱ्याच्या दिशेने धावत आला, तर प्रतिमेच्या उंचीत फक्त ०.०७ मिलिमीटर फरक पडतो. कोन बदलल्याने दोष दहापटीहून अधिक कमी झाला. यंत्र तेच, मोल तेच.

दुसरी एक सवलत निसर्गानेच दिली आहे. झेल घेण्यासाठी उंच उडी मारणारा क्षेत्ररक्षक उडीच्या माथ्यावर क्षणभर थांबल्यासारखा होतो. त्या माथ्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या १/५० सेकंदात त्याचे शरीर अर्ध्या मिलिमीटरहून अधिक खाली-वर होत नाही. झोका जसा दोन्ही टोकांना थबकतो, तशीच बॅटही मागे उचलल्यावर माथ्याशी थबकते आणि फटका पूर्ण झाल्यावर पुन्हा मंदावते. मंद शटरला हीच दोन टोके दिसतात, मधला आघात दिसत नाही. जुन्या चित्रसंग्रहाचे स्वरूप समजण्यास हा मुद्दा मला कळीचा वाटतो.

रणजितसिंहजींच्या ‘ज्युबिली बुक ऑफ क्रिकेट’ या १८९७ च्या ग्रंथातील चित्रे पाहावीत. फटक्यांचे स्पष्टीकरण करणारी ती चित्रे खेळाडूला त्या त्या पवित्र्यात उभे करून घेतलेली आहेत. यात फसवणूक नाही. व्याकरणाच्या पुस्तकातील उदाहरणवाक्य जसे कोणाच्या तोंडून प्रत्यक्ष बाहेर पडलेले नसते, तरी नियम समजावून देते, तसे हे आहे. मात्र उदाहरणवाक्यांवरून बोलीचा इतिहास लिहू नये, हे भाषाभ्यासकाला जितके ठाऊक आहे, तितके क्रीडा-इतिहासकाराला चित्रांबाबत ठाऊक असतेच असे नाही.

या स्थितीत बदल घडवून आणणारा पुरुष म्हणजे मिडलसेक्सचा खेळाडू जॉर्ज बेल्डम. १९०५ मध्ये त्याने सी. बी. फ्राय याच्यासह ‘ग्रेट बॅट्समेन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात ६०० चित्रे होती. पुढील वर्षी गोलंदाज व क्षेत्ररक्षक यांवरील ग्रंथात आणखी ४६४ चित्रे आली. दोन्ही ग्रंथांच्या शीर्षपृष्ठांवर ही चित्रे ‘गतीची’ आहेत, असा स्पष्ट दावा आहे. पहिल्या ग्रंथात ऑस्ट्रेलियाचा व्हिक्टर ट्रम्पर याचे ते जगप्रसिद्ध चित्र आहे : पुढचा पाय हवेत, बॅट पाठीमागे उंच उचललेली, सर्व देह पुढे झेपावलेला. ट्रम्पर १९१५ मध्ये अवघ्या सदतिसाव्या वर्षी निवर्तला, आणि या एका चित्राने त्याच्या खेळाची स्मृती व्यापून टाकली. त्या चित्राचा इतिहास सांगण्यासाठी गिडियन हेग याने २०१६ मध्ये स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

परंतु हे चित्र सामन्यातील नाही. कॅमेऱ्यासाठी मुद्दाम योजलेल्या खेळात ते घेतलेले आहे. सीमारेषेबाहेरून २.७ मिलिमीटरांची प्रतिमा मिळत असताना बेल्डमने भिंग लांबविले नाही. त्याने खेळच कॅमेऱ्याजवळ आणला. स्वतः खेळाडू असल्यामुळे त्याला ते साधले. तेव्हा हे चित्र ना पवित्र्याचे, ना सामन्याचे. ते प्रात्यक्षिकाचे आहे. आणि त्यातील बॅट माथ्याशी आहे, म्हणजे आघातापूर्वीच्या थबकण्याच्या क्षणी. आपण ज्याला ट्रम्परचा फटका म्हणतो, तो चित्रात अद्याप झालेलाच नाही.

याच्या जोडीला सिडनी येथे हर्बर्ट फिशविक याने १९२८ मध्ये घेतलेले वॉल्टर हॅमंडचे चित्र ठेवावे. फिशविकने लांब पल्ल्याचे अवजड भिंग वापरले. त्याने खेळ हलविला नाही, नजर लांबविली. चित्र खऱ्या सामन्यातील आहे. पाठीमागे यष्टिरक्षक ओल्डफील्ड दिसतो. मात्र येथे फटका होऊन गेला आहे. एका चित्रात फटक्याची प्रस्तावना आहे, दुसऱ्यात त्याचा उपसंहार. आघात दोहोंतही नाही. असे असता एकावरून ‘सुवर्णयुगातील’ निर्भय खेळ आणि दुसऱ्यावरून पुढील काळातील संयत खेळ सिद्ध करावयाचा, ही पद्धत कितपत ग्राह्य मानावी? निदान एवढे तरी म्हणावयास हवे की, दोन्ही चित्रांतील फरकात युगाचा वाटा किती आणि चित्र घेण्याच्या रीतीचा किती, हे प्रथम वेगळे केले पाहिजे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या प्रश्नाला अधिक गंभीर बाजू आहे. पळवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. डावखुऱ्या, मंदगती गोलंदाजीचा हा पराक्रम ज्यांच्या हातून घडला, त्यांना स्वदेशी परत आल्यावरही अस्पृश्यतेचे चटके चुकले नाहीत. रामचंद्र गुहा यांच्या २००२ च्या ग्रंथाने त्यांचे चरित्र पुन्हा प्रकाशात आणले. आता अशा गोलंदाजाची कला कशात असते? चेंडूच्या उंचीत, वळणात, वेगाच्या फसव्या बदलांत. त्या काळच्या स्थिर चित्राला यांतील एकही गोष्ट टिपता येत नव्हती. झेपावणारा फलंदाज चित्रात अमर होतो. चेंडूला हवेत रेंगाळत ठेवणारा गोलंदाज होत नाही. तेव्हा चित्रांच्या आधारे रचलेली थोर खेळाडूंची परंपरा मुळातच फलंदाजांकडे झुकलेली असणार, आणि जातीने ज्यांना एकदा मागे ठेवले त्यांना यंत्राच्या मर्यादेने पुन्हा मागे ठेवले असणार, हे लक्षात घेणे भाग आहे. अशा ठिकाणी धावफलक आणि समकालीन वर्णने यांची साक्ष चित्राहून बलवत्तर मानावी.

याचा अर्थ साध्या कॅमेऱ्याची साक्ष टाकाऊ आहे, असा नव्हे. खो-खोचे उदाहरण घ्या. मैदान लहान, त्यामुळे कडेला उभ्या असलेल्या छायाचित्रकारापासून खेळाडू दहा मीटरांवर येतो आणि प्रतिमा दुप्पट होते. पाठलाग करणाऱ्याला एकदा घेतलेली दिशा बदलता येत नाही. म्हणून तो कोठून येणार हे आधीच कळते. खांबाच्या टोकाशी त्याला वळसा घ्यावा लागतो व तेथे त्याची गती मंदावते. ज्याला खेळाचे नियम ठाऊक आहेत, तो खांबाच्या रेषेत, धावणाऱ्याच्या समोर उभा राहून मंद शटरनेही स्वच्छ चित्र घेऊ शकतो. जलद शटरची उणीव खेळाच्या ज्ञानाने बऱ्याच अंशी भरून निघते. आणि असे चित्र घेणारा बहुधा त्या गावचा, त्या तालमीचा, खेळाडूंना नावाने ओळखणारा असतो. म्हणून जुन्या वह्यांत चिकटविलेली अशी किंचित धूसर चित्रे क्रीडामंडळांनी आणि विभागांनी जपून ठेवली पाहिजेत.

सारांश, खेळाचे जुने छायाचित्र हाती आले म्हणजे संशोधकाने चार गोष्टी पाहाव्यात : कॅमेरा किती अंतरावर होता, शटर किती काळ उघडे होते, हालचाल कॅमेऱ्याच्या दिशेने होती की आडवी, आणि खेळ चित्रासाठी चालला होता की चित्र खेळातून घेतले गेले. पहिल्या तीन गोष्टींची उत्तरे पुष्कळदा प्रतिमेची उंची आणि तिच्या कडांची धूसरता मोजून अजमावता येतात. चौथीसाठी चित्राबाहेरचा पुरावा लागतो. चारही उत्तरे हाती आल्यावर ते चित्र धावफलकाच्या शेजारी ठेवावे, आणि मगच त्यावरून खेळाडूच्या शैलीविषयी विधान करावे.