नकार कोणाचा?

पूर्वग्रहाचा इतिहास सांगताना आपण सहसा दंगलींपासून प्रारंभ करतो. मला तो भाड्याच्या घरापासून करावासा वाटतो.

१९१७ साली अमेरिकेत व इंग्लंडात शिकून परतलेले भीमराव आंबेडकर बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू झाले. शिष्यवृत्ती महाराज सयाजीरावांची, नोकरीही त्यांच्याच दरबारची. परंतु राजाची आज्ञा कचेरीपर्यंत चालते. घरमालकाच्या उंबरठ्यावर ती थबकते. अस्पृश्याला घर देणारा कोणी भेटेना, तेव्हा पारशी नाव धारण करून त्यांनी एका पारशी धर्मशाळेचा आश्रय घेतला. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन डझनभर पारशी आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मावून गेले.

त्या दिवशी आंबेडकर आपल्या दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू, दुसरा ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही राहावयास आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राला पत्नीचा विचार घ्यावयाचा होता आणि ती परगावी होती. आंबेडकर काय ते समजले. कामाठी बागेत वेळ काढून त्यांनी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

अभ्यासकाला काठीवाल्यांपेक्षा हे दोन मित्र अधिक शिकवतात. दोघांपैकी एकानेही स्वतःच्या नावाने नकार दिला नाही. एकाने तो नोकरांच्या तोंडी घातला, दुसऱ्याने पत्नीच्या.

अमेरिकेतील सिराक्यूस विद्यापीठात डॅनियल कॅट्झ आणि फ्लॉइड ऑलपोर्ट यांना हीच गोष्ट विद्यार्थ्यांत आढळली. त्यांचा ग्रंथ १९३१ चा. परक्या वंशाच्या मुलाला आपल्या निवासात घ्यावयास अनेकांची व्यक्तिशः हरकत नव्हती. इतरांची असेल, असे मात्र प्रत्येकाला वाटत होते. बडोद्याच्या त्या मित्रांना एवढी सवलत द्यावी की नाही, याविषयी मी साशंक आहे. पत्नीला विचारून पाहण्याइतकाही धीर ज्याला नाही, त्याची स्वतःची हरकत नव्हती असे कसे म्हणावे?

मनातले मत विचारून कळत नाही, हे रिचर्ड लापिएर यांनी १९३४ साली दाखविले. एका चिनी दांपत्यासह त्यांनी अमेरिकेत प्रवास केला. अडीचशेंहून अधिक हॉटेले व उपाहारगृहे यांपैकी एकाच ठिकाणी त्यांना नकार मिळाला. मागाहून पत्राने विचारले, तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांनी चिनी पाहुणा घेणार नाही असे कळविले. येथे कागद कठोर आणि दार उघडे. आपल्याकडे बहुधा उलट घडते. तोंड गोड असते, दार बंद. म्हणून दारच ठोठावून पाहिले पाहिजे.

मूळचे अमरावती जिल्ह्यातील अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांचे सहकारी यांनी २०१२ साली तेच केले. दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, फरीदाबाद आणि गुडगाव येथे उच्चवर्णीय हिंदू, दलित व मुसलमान असे प्रत्येकी ४९३ घर शोधणारे त्यांनी घरमालकांकडे धाडले. दूरध्वनीवरील विचारणेतच सुमारे १८ टक्के दलितांना आणि ३१ टक्के मुसलमानांना साफ नकार मिळाला. निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले.

मी राहतो ते मयूर विहार याच महानगरात, यमुनेच्या पूर्वतीरावर आहे. पुढे नोएडा लागते. येथे सहकारी गृहसंस्था पुष्कळ. बडोद्यात नोकर आणि पत्नी जे काम करीत, ते येथे ‘सोसायटी’ करते. मालकाची स्वतःची हरकत नसते. सोसायटीतल्या लोकांना चालत नाही, एवढेच. ज्यांना सरळ नकार मिळाला नाही, त्यांतही कित्येकांपुढे त्या पाहणीत वाढीव भाडे किंवा खास अटी ठेवल्या गेल्या. असा मालक मात्र ‘मी घर देतो’ असे बिनदिक्कत सांगू शकतो.