भीती कुणाची रास्त?

आत्मसंरक्षणाच्या खटल्यात गोळी कुणी झाडली, यावर सहसा वाद नसतो. वाद असतो तो गोळी झाडताना वाटलेल्या भीतीचा. ती भीती रास्त होती का? आपल्या १८६० च्या दंड संहितेतील ९६ ते १०६ ही कलमे याच प्रश्नाभोवती फिरत होती. नव्या न्याय संहितेतही ती बव्हंशी तशीच आली आहेत. अमेरिकेत मात्र या प्रश्नाचे उत्तर सामान्य नागरिकांची जूरी देते, आणि तिथे पिस्तूल बाळगणे हा कोट्यवधी लोकांना आपला हक्क वाटतो. म्हणून अशा निवाड्यांइतक्याच त्यांवरच्या लोकांच्या प्रतिक्रियाही मला महत्त्वाच्या वाटतात. समाज कुणाच्या भीतीवर विश्वास ठेवतो, ते त्यांतून कळते. साठेक वर्षांच्या अंतराने लागलेले दोन निवाडे या दृष्टीने शेजारी ठेवून पाहू.

पहिला डेट्रॉइटचा. मोटारींच्या कारखान्यांमुळे हे शहर झपाट्याने वाढत होते. दक्षिणेतून हजारो काळे मजूर तिथे येत होते, पण गोऱ्या वस्तीत घर घेणाऱ्या काळ्या माणसाला हुसकावून लावले जाई. जून १९२५ मध्ये डॉ. अलेक्झांडर टर्नर यांना जमावाने नव्या घरातून असेच पळवून लावले. हे ठाऊक असूनही डॉ. ऑसियन स्वीट यांनी गारलँड ॲव्हेन्यूवर १८,५०० डॉलरना घर घेतले. हॉवर्ड विद्यापीठात शिकलेला आणि व्हिएन्ना-पॅरिसला पुढचा अभ्यास करून आलेला हा डॉक्टर ८ सप्टेंबरला राहायला आला, तेव्हा सामानात बंदुका आणि काडतुसेही होती.

दुसऱ्या रात्री शेकडोंचा जमाव घरासमोर होता. बंदोबस्ताला पोलीसही होते. दगड आले, काचा फुटल्या. घरातून गोळ्या सुटल्या. एक गोरा रहिवासी ठार झाला, एक जखमी झाला. घरातल्या सर्व अकरा जणांवर, डॉक्टरांची पत्नी ग्लॅडिस यांच्यासह, खुनाचा आरोप ठेवण्यात आला.

प्रतिक्रिया तत्काळ दुभंगल्या. महापौर जॉन स्मिथ यांनी जाहीर पत्रात कू क्लक्स क्लॅनला दोष दिला, पण जिथे आपण नकोसे आहोत तिथे घर घेणाऱ्या काळ्यांनाही दोषी धरले. दुसरीकडे ‘एनएएसीपी’ या संघटनेने खटला हाती घेतला आणि निधी उभारला. वकील म्हणून क्लॅरेन्स डॅरो आले. उत्क्रांती शिकवल्याबद्दल भरलेला स्कोप्स खटला त्यांनी नुकताच लढवला होता. सरकारी साक्षीदार एकामागून एक सांगत होते की घरासमोर जमाव नव्हताच, चार-दोन माणसे होती. डॅरोंची उलटतपासणी याच दाव्यावर रोखलेली होती. जमाव नसेल तर भीती खोटी ठरत होती, आणि भीती खोटी ठरली तर तो खून होता.

पहिल्या जूरीचे एकमत झाले नाही. मग डॉक्टरांचा भाऊ हेन्री याच्यावर स्वतंत्र खटला चालला. डॅरो जवळजवळ सात तास बोलले. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा साधा होता: रंगांची अदलाबदल करून पाहा. काळ्यांच्या जमावाने वेढलेल्या गोऱ्यांनी गोळी झाडली असती, तर त्यांच्यावर आरोपपत्र आले असते का? १३ मे १९२६ रोजी सर्व गोऱ्यांच्या जूरीने हेन्रीला निर्दोष सोडले. पुढे उरलेल्यांवरचे आरोपही मागे घेण्यात आले. पण स्वीट दांपत्याची लहान मुलगी त्याच वर्षी क्षयाने गेली, दोन वर्षांनी ग्लॅडिसही गेल्या. १९६० साली डॉक्टरांनी आत्महत्या केली. १९२७ मध्ये मिशिगनने पिस्तूल विकत घेण्यासाठी परवाना सक्तीचा केला.

दुसरा निवाडा न्यूयॉर्कचा. १९८० च्या दशकात तिथली भुयारी रेल्वे गुन्हेगारीसाठी कुप्रसिद्ध होती. १९८१ मध्ये बर्नहार्ड गेट्झ या गोऱ्या माणसाला तिथे मारहाण झाली. त्याने पिस्तुलाचा परवाना मागितला, तो नाकारला गेला. २२ डिसेंबर १९८४ रोजी डब्यात चार काळ्या तरुणांपैकी एकाने त्याच्याकडे पाच डॉलर मागितले. त्याने बिनपरवाना पिस्तूल काढून चौघांवर गोळ्या झाडल्या. चौघे वाचले, पण एकजण कायमचा लुळा झाला.

आरोपीचा शोध घेण्यासाठी पोलिसांनी दिलेल्या दूरध्वनी क्रमांकावर त्याचे अभिनंदन करणाऱ्यांचेच फोन येऊ लागले. ‘कोअर’ या नागरी हक्क संघटनेचे काळे नेते रॉय इनिस हेही त्याच्या बाजूने उभे राहिले, कारण गुन्हेगारीची झळ काळ्या वस्त्यांनाच सर्वाधिक बसत होती. १६ जून १९८७ रोजी जूरीने त्याला खुनाच्या प्रयत्नाच्या आरोपातून सोडले आणि केवळ बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल दोषी ठरवले. ‘एनएएसीपी’ने निवाड्याचा कडक निषेध केला. ज्या संघटनेने १९२६ मध्ये आत्मसंरक्षणाचा विजय साजरा केला, तीच आता त्याच तत्त्वावरच्या निवाड्याने हादरली होती. मला यात विसंगती दिसत नाही. स्वीट यांच्या दारात दगड घेतलेला जमाव होता, गेट्झसमोर पाच डॉलरची मागणी होती. १९९६ मध्ये ब्राँक्समधल्या, एकही गोरा सदस्य नसलेल्या जूरीने दिवाणी दाव्यात लुळ्या झालेल्या तरुणाला ४ कोटी ३० लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. एकच डबा, एकच पिस्तूल, आणि भीतीचे मोजमाप दोन.

गेट्झला परवाना नाकारणाऱ्या कायद्याचे मूळ १९११ चे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातली ‘विशेष गरज सिद्ध करा’ ही अट रद्द केली. त्या खटल्यात अटीविरुद्ध उभ्या राहिलेल्यांत न्यूयॉर्कच्या गरिबांचे खटले लढवणारे वकीलही होते. बिनपरवाना शस्त्रासाठी तुरुंगात जाणारे त्यांचे अशील प्रामुख्याने काळे आणि हिस्पॅनिक होते. परवाना देणारा हातही रंग पाहतो, हा त्यांचा अनुभव. आपल्यालाही तो परका नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगण्यास मनाई केली आणि युरोपीयांना सूट दिली. काँग्रेसने आपल्या आरंभीच्या अधिवेशनांतच त्याविरुद्ध ठराव केले होते.

शस्त्र हाती आले की भीती संपते, असे या दोन्ही कहाण्यांतून मला दिसत नाही. स्वीट यांच्या बंदुकांनी त्या रात्री घर वाचवले, संसार वाचवला नाही. २०१३ मध्ये फ्लोरिडात सतरा वर्षांच्या निःशस्त्र ट्रेव्हॉन मार्टिनला मारणारा निर्दोष सुटला, तेव्हा ‘काळ्यांच्या जिवाला मोल आहे’ अशा अर्थाची घोषणा जन्माला आली. तिच्यामागेही मृत मुलाच्या भीतीची दखल कुणी घेतली, हाच प्रश्न होता.

आपल्याकडे जूरी आता उरलेली नाही. पण रात्री गल्लीत शिरलेल्या अनोळखी माणसाला लोकांनी बदडून मारल्याची बातमी वाचताना मनातल्या मनात निवाडा आपणही देतोच. अशा वेळी डॅरोंची कसोटी लावून पाहावी. मारणाऱ्याचे आणि मरणाऱ्याचे आडनाव, वस्ती, जात, धर्म यांची अदलाबदल करावी आणि मग ती बातमी पुन्हा वाचावी.