स्विंडनची ‘स्टार’ इंजिने

इंग्लंडमधील ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या स्विंडन कारखान्यात १९०६ ते १९२३ या काळात ‘स्टार’ वर्गाची ७३ एक्स्प्रेस इंजिने तयार झाली. त्यांच्या रचनेचा पाया मात्र फ्रेंच होता. इंजिन विभागाचे प्रमुख जॉर्ज जॅक्सन चर्चवर्ड यांनी १९०३ मध्ये ‘ला फ्रान्स’ हे डी ग्लेन पद्धतीचे इंजिन फ्रान्सहून मागवले आणि १९०५ मध्ये त्याच जातीची आणखी दोन घेतली. ही इंजिने ‘संयुक्त’ प्रकारची होती, म्हणजे त्यांत वाफ आधी उच्च दाबाच्या लहान सिलिंडरांत काम करी आणि मग उरलेल्या दाबासह मोठ्या सिलिंडरांत जाई. दर चौरस इंचास २२५ पौंड दाबाचा बॉयलर आणि झडपांची लांब चाल यांच्या बळावर साध्या सिलिंडरांतूनही वाफेचे प्रसरण पुरेपूर वापरता येते, असे दिसल्यावर चर्चवर्ड यांनी संयुक्त रचनेची गुंतागुंत नाकारली.

जे त्यांनी स्वीकारले ते अधिक मोलाचे होते. चार सिलिंडरांपैकी आतले दोन पहिल्या चालक आसाला आणि बाहेरचे दोन दुसऱ्या आसाला फिरवीत. प्रत्येक बाजूचे आतले व बाहेरचे दट्टे परस्परविरुद्ध दिशांना सरकत असल्याने त्यांच्या वजनांचा तोल साधे आणि रुळांवरचे आघात कमी होत. १९०६ चे ‘नॉर्थ स्टार’ फ्रेंच इंजिनांशी तुलना करता यावी म्हणून चारच मोठ्या चालक चाकांवर उभारले गेले. पुढची इंजिने सहा चाकांची झाली आणि १९०९ मध्ये तेही तसेच बदलण्यात आले. या सौष्ठवाची किंमत चालकाला मोजावी लागे, कारण चारही सिलिंडरांच्या झडपा हलवणारी यंत्रणा चौकटीच्या आत दडलेली असल्याने तिला तेल घालण्यासाठी त्याला त्या अरुंद जागेत शिरावे लागे.

१९१० मध्ये लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेशी इंजिनांची अदलाबदल झाली, तेव्हा तिच्या मार्गावर ‘पोलर स्टार’ने सहज वर्चस्व दाखवले. १९१३ मध्ये त्या कंपनीने स्वतःचे चार सिलिंडरांचे ‘क्लॉटन’ इंजिन आणले, हा योगायोग मानणे कठीण आहे. लंडन ते प्लिमथ न थांबता धावणारी ‘कॉर्निश रिव्हिएरा’ ओढण्याचे काम ‘स्टार’ इंजिनांनी वर्षानुवर्षे केले. १९२३ मध्ये चर्चवर्ड यांचे उत्तराधिकारी कॉलेट यांनी याच आराखड्यात सिलिंडर व बॉयलर मोठे करून ‘कॅसल’ वर्ग घडवला आणि त्या वर्गाची नवी इंजिने स्विंडनमधून १९५० पर्यंत बाहेर पडत राहिली.