विद्यापीठीय शिक्षणदलाचें एक वर्ष : इ. स. १९४२ आणि नंदुरबार

खानदेशचा इतिहास म्हटला म्हणजे सनदा, महजर, वतनपत्रें व कैफियती यांकडे संग्राहकांची दृष्टि प्रथम वळते, आणि तें योग्यच आहे. परंतु विसाव्या शतकांतील कागदहि आतां जुने झाले आहेत; वेळींच त्यांकडे पाहिलें नाहीं तर ते रद्दींत जातात, हा अनुभव सर्वांस आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या लष्करी शिक्षणाचे कागद, म्हणजे हजेरीपट, शिबिरांचीं आज्ञापत्रें, प्रमाणपत्रें व समूहछायाचित्रें, हा त्यांपैकींच एक वर्ग होय. या कागदांचा काळ कसा ठरवावा, आणि त्यांत १९४२ हें साल इतकें महत्त्वाचें कां, याचा विचार येथें करूं.

१८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें परवान्यावांचून शस्त्र बाळगण्यास येथील प्रजेला मनाई झाली होती. पहिल्या महायुद्धांत माणसांची निकड भासूं लागली, तेव्हां त्याच सरकारनें १९१७ सालीं 'इंडियन डिफेन्स फोर्स'चा कायदा केला, व त्याखालीं विद्यार्थ्यांच्या हातीं बंदूक देण्याचें ठरविलें. विद्यापीठाची पहिली तुकडी त्याच वर्षीं नोव्हेंबरांत कलकत्त्यास उभी राहिली. पुढें १९२० च्या प्रादेशिक सेनेच्या कायद्यानें या तुकड्यांस 'युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर' हें नांव मिळालें. विद्यार्थी शिपाई व प्राध्यापक अधिकारी, अशी त्याची घडण होती. शिपायांवर प्रत्यक्ष युद्धसेवेचें बंधन नव्हतें. तासांच्या आधीं किंवा नंतर कवायत, नेमबाजी आणि वर्षांतून एकदां शिबिर, एवढाच त्यांचा क्रम असे.

हें बंधन नव्हतें याचा अर्थ नीट लक्षांत घेतला पाहिजे. सरकारला विद्यार्थी कवायतींत हवा होता. अधिकाराच्या जागेवर तो हवा कीं नको, याविषयीं मात्र त्याचें मन पुष्कळ काळ अनिश्चित होतें. सँडहर्स्ट येथें हिंदी तरुणांस १९१८ नंतर प्रवेश मिळूं लागला, तो वर्षाला अवघ्या दहा जागांपुरता. शी यांची समिति व तिच्या पाठोपाठ १९२५ सालीं नेमलेली स्कीन समिति यांनीं या प्रश्नाची चर्चा केली. स्कीन समितीवर मोतीलाल नेहरू व जिना यांचीं नांवें होतीं. डेहराडूनची संस्था तरीहि १९३२ सालींच उघडली. महाराष्ट्रांत डॉ. बा. शि. मुंजे यांनीं नाशिकास भोंसला सैनिकी शाळा १९३७ सालीं काढली, ती याच विलंबाची जाणीव ठेवून, असें आम्हांस वाटतें.

आतां १९४२ कडे वळूं. फेब्रुवारींत सिंगापूर पडलें, मार्चांत रंगून गेलें, आणि युद्ध हिंदुस्थानच्या दाराशीं आलें. अधिकाऱ्यांची गरज एकाएकीं वाढली. त्याच वर्षीं या दलाच्या नांवांत एक शब्द शिरला : 'युनिव्हर्सिटी ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर'. पंचवीस वर्षें मागूनहि जो शब्द सहज मिळत नव्हता, तो संकटानें आणून दिला. नामांतर लहान दिसतें. परंतु शासनाचा हेतु कसा पालटला, तें या एका शब्दावरून कळतें.

याच सालचें दुसरें चित्र नंदुरबारचें. नंदुरबार तेव्हां पश्चिम खानदेश जिल्ह्यांत, व शिक्षणाच्या दृष्टीनें मुंबई विद्यापीठाच्या क्षेत्रांत होतें. ८ ऑगस्टला मुंबईस गोवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला. नेत्यांची धरपकड झाली. आणि बरोबर एक महिन्यानें, ९ सप्टेंबरला, नंदुरबारच्या रस्त्यांतून तिरंगा घेऊन मिरवणूक निघाली. तीवर पोलिसांनीं गोळी झाडली. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्याम शहा हे पांच बालवीर पडले. शिरीषकुमारचा जन्म १९२६ च्या डिसेंबरांतला. म्हणजे त्याला सोळावें पुरें झालें नव्हतें. दल ज्या वयांतून विद्यार्थी घेत असे, तें वय त्यानें अजून गांठलें नव्हतें.

या दोन चित्रांत परस्परविरोधी दोन पक्ष पाहण्याचा मोह होतो. तो आम्ही टाळतों. कवायतीचें शिस्तबद्ध शिक्षण व देशाचें स्वातंत्र्य, या दोन्ही गोष्टी तत्कालीन तरुणांस एकाच वेळीं हव्या असूं शकत होत्या. १९४६ सालीं पं. हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली, व तिच्या शिफारशींवरून १९४८ सालीं 'नॅशनल कॅडेट कोअर'चा कायदा झाला. ब्रिटिशांनीं आपल्या सोयीसाठीं उभारलेली कवायत स्वतंत्र राष्ट्रानें टाकून दिली नाहीं. तिचा धनी तेवढा बदलला.

संग्राहकांसाठीं यांतून एक सोपी कसोटी निघते. कागदावर 'इंडियन डिफेन्स फोर्स' असेल तर तो १९१७ ते १९२० मधला. 'ट्रेनिंग कोअर' एवढेंच असेल तर १९२० नंतरचा. 'ऑफिसर्स' हा शब्द आला तर १९४२ च्या पूर्वींचा नव्हे. आणि 'नॅशनल कॅडेट' असेल तर १९४८ किंवा त्यानंतरचा. तारीख फाटलेली असली, तरी मथळा व शिक्का यांवरून काळ बांधतां येतो. जुने छापील कागद नामांतरानंतरहि कांहीं काळ वापरांत राहतात, एवढें मात्र ध्यानांत ठेवावें.

नंदुरबारच्या मिरवणुकीस असा शिक्का नाहीं. दलाच्या शिपायाचें नांव सरकारी पटावर चढत असे. मिरवणुकींत चालणाऱ्या मुलाचें नांव कोणी मांडून ठेवीत नसे. म्हणून शाळांचे दाखले, घरगुती पत्रें, दुकानांच्या वह्यांतील त्या दिवशींच्या नोंदी, जुनीं छायाचित्रें, हींच तेथील साधनें होत. त्यांतील पुष्कळशीं गुजराती अक्षरांत असण्याचा संभव आहे, एवढ्या कारणावरून मराठी संग्राहकानें तीं दूर सारूं नयेत. १ जुलै १९९८ रोजीं नंदुरबार स्वतंत्र जिल्हा झाला, तरी पूर्वींचे सरकारी कागद धुळें व मुंबई येथें शोधावे लागतात. ज्यांच्या घरीं १९४२ सालचा असा एखादा कागद असेल, त्यांनीं तो मूळ क्रमानें ठेवावा, मागें लिहिलेलीं नांवें पुसूं देऊं नयेत, आणि त्याची नक्कल एखाद्या संशोधनसंस्थेकडे पोंचवावी, अशी आमची विनंति आहे.