कलकत्त्याची पदवी, नागपूरचा वर्ग

नागपुरात हिस्लॉप महाविद्यालय १८८३ मध्ये व मॉरिस महाविद्यालय १८८५ मध्ये सुरू झाले, तेव्हा दोन्ही कलकत्ता विद्यापीठाशी संलग्न होती, म्हणजे अध्यापन नागपुरात होई, परंतु अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी यांवर सुमारे हजार किलोमीटर दूरच्या कलकत्त्याचा अधिकार चाले. पुढे तो अलाहाबादकडे गेला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सहा महाविद्यालये व ९२७ विद्यार्थ्यांसह नागपूर विद्यापीठ स्थापन झाल्यावर ही परस्वाधीनता संपली. पदवी आणि वर्ग यांतले अंतर मात्र पुढे वेगळ्या रूपात परतले: दूरशिक्षण, अर्थात रोज वर्गात न बसता स्वयं-अध्ययनाच्या पुस्तकांवरून पदवी मिळवण्याची पद्धत, नाशिकला १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रांतून विदर्भातील नोकरदारांपर्यंत व गृहिणींपर्यंत पोचली, जरी नियमित पदवीधरांनी तिला बरीच वर्षे दुय्यमच लेखले. २०२० च्या करोनाकाळात मात्र नियमित विद्यार्थ्यांनाही अंतिम वर्षाचे बहुपर्यायी पेपर मोबाइलवरच सोडवावे लागले.