आज तुम्ही नवरीचे भाऊ

घड्याळ, मोबाईल, बूट इथंच ठेवा. सुमारे अडीच हजार वर्षं मागं जायचंय, गृह्यसूत्रांच्या, म्हणजे घरगुती विधींच्या ग्रंथांच्या, काळातल्या एका अंगणात. आणि तिथं नुसतं जेवून निघता येणार नाही. तुम्ही नवरीचे भाऊ आहात.

लग्न ठरायचंय अजून. शेणानं सारवलेली जमीन तळपायांना गार लागते. बहिणीपुढे मातीचे आठ गोळे मांडलेत. मुलीची लक्षणं वरवर पाहून कळत नाहीत, असं सूत्रकार आश्वलायनांचं म्हणणं. म्हणून ही परीक्षा: ती जो गोळा उचलेल, तसं तिचं पुढचं. दुबार पिकणाऱ्या शेतातली माती, गोठ्यातली, यज्ञवेदीवरची, न आटणाऱ्या डोहातली. हे झाले चार शुभ. उरलेले चार जुगाराच्या अड्ड्यावरचे, चव्हाट्यावरचे, नापीक माळावरचे आणि स्मशानातले. दिसायला सगळे सारखेच. ती हात पुढं करते आणि तुमच्या पोटातही एक गोळा येतो. डोहातला उचलला, सुटलात! मुलाला मात्र माती उचलावी लागत नाही. कुळ आणि बुद्धी बघितली की भागतं. आपल्याकडे पत्रिकेचे छत्तीस गुण निदान दोघांचे मिळून मोजतात.

घर दुसरे सूत्रकार शांखायन यांच्या परंपरेतलं असेल, तर लग्नाआधी एका रात्रीची झोप विसरा. चार नाहीतर आठ सवाष्णी जेवून, सुरा पिऊन नाचतात. एकदा नाही, चारदा. धूळ, घाम, टाळ्या, आंबूस दर्प. आजच्या ‘संगीत’ला नाकं मुरडणाऱ्या मावशींना हे सांगू नका.

आता या अग्नीजवळ. तुपाचा धूर थेट डोळ्यांत जातोय, मागून माणसं रेटतायत. बहिणीच्या तुपानं माखलेल्या ओंजळीत लाह्या घाला. दोनदा. नवरदेव जमदग्नी गोत्राचे असतील तर तीनदा, आणि नेमकं हेच विसराल म्हणून कुणीतरी कानाशी ओरडतंय. ओंजळ न सोडता ती लाह्या आगीत ओतते. तडतड होते, खरपूस वास सुटतो. नवरदेवाचा कान पिळून पोशाख उकळायचा बेत असेल तर सोडा, या विधीत तो मान नाही. मंगळसूत्रही नाही. पण दगडावर पाय ठेवणं, सात पावलं, सगळं ओळखीचं. विधीत कुठं अडलात तर पोथीवाल्यांकडे बघू नका, ओसरीवरच्या म्हाताऱ्यांना विचारा. रीत बायकांकडून समजून घ्यावी, असं सूत्रकार आपस्तंबच सांगून गेलेत.

रात्री बहीण गप्प बसलीय. ध्रुव, अरुंधती आणि सप्तर्षी दिसल्यावरच ती बोलणार. आभाळ आलं तर पंचाईत! भर दुपारी कार्यालयाच्या पीओपी छताकडे बोट दाखवून ‘दिसली का अरुंधती?’ विचारायची सोय इथं नाही.

मग गाडी जुंपतात. विवाहाचा अग्नी पुढं, बैल मागं, आणि धुळीत तुम्ही. सासरी पोचल्यावर दोघांनी जमिनीवर निजायचं, खारट काही खायचं नाही, ब्रह्मचर्य पाळायचं. आपस्तंबांच्या घरात तर दोघांच्या मध्ये वस्त्र गुंडाळलेला, सुगंधी उटी लावलेला एक दांडकाही झोपतो. किती दिवस? आश्वलायन मोकळीक देतात: तीन रात्री, बारा रात्री किंवा एक वर्ष. पुरोहित ‘वर्ष’ म्हणाले तेव्हा दाजींचं तोंड बघा. त्यांनी काय निवडलंय, ते विचारूच नका.